पुण्याहून विमानानं: अंतर किती, वेळ किती आणि घरातून निघायचं कधी

पुणे ते दिल्ली हवाई अंतर साधारण १,१५७ किलोमीटर. प्रवासी जेट विमान एकदा वर गेलं की ताशी साडेआठशेच्या आसपास उडतं. सरळ भागाकार केला तर एक तास बावीस मिनिटं येतात. तिकिटावर छापलेले असतात दोन तास दहा मिनिटं. आणि कोथरूडच्या घराला कुलूप लावल्यापासून दिल्लीत नातेवाइकांच्या दाराची बेल वाजवेपर्यंत साडेसहा-सात तास सहज जातात. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. घोळ होतो तो आपण एका प्रश्नाला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर घेऊन बसतो म्हणून. नेटवर ‘पुणे ते अमुक अंतर’ असं शोधलं की पहिला आकडा मिळतो, आणि माणूस त्यावर रजेचा अर्ज करून मोकळा होतो.

खाली हे तिन्ही हिशेब क्रमानं मांडले आहेत. कागद, पेन आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर एवढं पुरे.

आधी विमानतळ नक्की करा

पुण्याचा विमानतळ म्हणजे लोहगाव. त्याचा तीन अक्षरी कोड पीएनक्यू. अंतर शोधताना शहराच्या नावाऐवजी हा कोडच टाकावा. नुसतं ‘पुणे’ टाकलं की काही साइट शहराच्या मध्यापासून मोजतात, काही रस्त्याचं अंतर देतात, आणि कुठलं दिलंय ते बारीक अक्षरातही लिहिलेलं नसतं. दिल्लीचं रस्त्यानं अंतर साडेचौदाशे किलोमीटरच्या घरात आहे, म्हणजे हवाई अंतराच्या सव्वापट. नागपूरचं उदाहरण आणखी ठळक आहे. विमानतळ ते विमानतळ सरळ अंतर सुमारे ६०५ किलोमीटर, तर ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली अजनी–पुणे वंदे भारत ८८१ किलोमीटर कापते आणि त्याला बारा तास घेते.

दुसऱ्या टोकालाही तेवढंच लक्ष हवं. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत: जुना दाभोळी, कोड जीओआय, आणि २०२३ च्या सुरुवातीपासून चालू असलेला मोपा, कोड जीओएक्स. विमानाच्या वेळेत दोन्हींचा फरक नगण्य, पण हॉटेल कोलव्याला आणि तिकीट मोप्याचं काढलं असेल तर रस्त्यावर दीड-दोन तास गेलेच म्हणून समजा. हॉटेल पेडण्याजवळ असेल तर नेमकं उलट. मुंबईचंही तसंच. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, आणि पुणेकराला द्रुतगती मार्गावरून सहार गाठण्यापेक्षा पनवेलजवळचा हा विमानतळ पुष्कळ अलीकडे पडतो. मुंबईहून विमान धरायचं असेल तर तिकिटावर नक्की कुठलं नाव आहे ते आधी वाचा.

अंतर कसं काढायचं

सोपा रस्ता म्हणजे ग्रेट सर्कल मॅपर नावाची जुनी साइट. त्यात दोन कोड मध्ये आडवी रेघ देऊन टाकायचे, ती अंतर आणि नकाशा दोन्ही देते. गूगल मॅप्स संगणकावर उघडून लोहगावच्या धावपट्टीवर राइट क्लिक केलं आणि ‘अंतर मोजा’ निवडलं तरी काम होतं. फक्त आकडा कशात आहे ते बघा. विमानवाले नॉटिकल मैलात बोलतात, आणि एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. साध्या मैलाचे १.६०९ किलोमीटर होतात. पुणे–दिल्ली ६२५ लिहिलेलं दिसलं तर ते नॉटिकल मैल, ७१९ दिसलं तर साधे मैल.

पण हाताने एकदा काढून पाहाच. आठवी-नववीचं गणित आहे.

लोहगाव आहे १८.५८ अंश उत्तर, ७३.९२ अंश पूर्व. दिल्लीचा विमानतळ २८.५७ उत्तर, ७७.१० पूर्व. अक्षांशांतला फरक ९.९९ अंश. पृथ्वीवर अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर, म्हणून उत्तरेकडचं अंतर झालं १,१११ किलोमीटर. रेखांशांतला फरक ३.१८ अंश. इथे मात्र थेट १११.२ ने गुणायचं नाही. रेखांशाच्या रेघा ध्रुवाकडे जाताना एकमेकींच्या जवळ येत जातात, त्यामुळे मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने आणखी गुणायचं. पुणे आणि दिल्लीच्या मधला अक्षांश २३.५७, त्याचा कोसाइन ०.९१७. तेव्हा ३.१८ गुणिले १११.२ गुणिले ०.९१७, म्हणजे पूर्वेकडचं अंतर ३२४ किलोमीटर. आता पायथागोरस. दोन्हींचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. उत्तर १,१५७.

देशांतल्या कुठल्याही दोन विमानतळांना ही रीत चालते, दुबईलाही चालते. लांब पल्ल्याला मात्र ती फसते. पुणे ते लंडनच्या हीथ्रोला हाच हिशेब लावला तर जवळपास ७,७०० किलोमीटर येतात, आणि गोल पृथ्वीवरचं खरं कमीत कमी अंतर आहे सुमारे ७,३३०. पावणेचारशे किलोमीटरची चूक, म्हणजे जवळजवळ अर्ध्या तासाचं उड्डाण. कारण आपण पृथ्वी सपाट धरली. दोन ठिकाणांतला सगळ्यात जवळचा मार्ग गोलावर असतो, त्याला ग्रेट सर्कल म्हणतात, आणि भिंतीवरच्या सपाट नकाशावर तो उत्तरेकडे फुगलेल्या कमानीसारखा दिसतो. घरी शाळेतला पृथ्वीगोल असेल तर पुणे आणि लंडनमध्ये दोरा ताणून धरा. तो कुठून जातो ते पाहिलं की विमानातल्या स्क्रीनवरची वाकडी रेघ वाकडी वाटत नाही. असं अंतर काढायला हॅवरसाइन नावाचं सूत्र आहे, पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून. ते हाताने करायच्या भानगडीत पडू नका, साइटला करू द्या.

हमखास विचारला जाणारा एक प्रश्न इथेच निकालात काढू. ‘विमान दहा-अकरा किलोमीटर वर जातं, मग ते चढ-उताराचं अंतर वाढत नाही का?’ वाढतं, पण किती? विमान अकरा किलोमीटर उंची साधारण दोनशे किलोमीटर पुढे जाता जाता गाठतं. पुन्हा पायथागोरस: २०० आणि ११ चा कर्ण २००.३. म्हणजे तीनशे मीटर. विसरून जा.

विमान प्रत्यक्षात सरळ रेषेत उडत नाही, हे मात्र विसरू नका. आकाशातही ठरलेले मार्ग असतात, हवाई दलासाठी राखलेले भाग असतात, निघताना आणि उतरताना ठराविक वळणं घ्यावी लागतात. लोहगाव तर मुळात हवाई दलाचाच तळ. नागरी विमानं हवाई दलाच्या धावपट्टीवरून उडतात आणि वाहतूक नियंत्रणही हवाई दलाकडे आहे. तेव्हा ग्रेट सर्कलचा आकडा म्हणजे कमीत कमी अंतर. प्रत्यक्षात थोडं जास्तच उडलं जातं. कधी कधी राजकारणही आडवं येतं. एप्रिल २०२५ च्या अखेरीस पाकिस्ताननं भारतीय विमान कंपन्यांना आपल्या हद्दीवरून उडायची बंदी घातली आणि दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या त्यांच्या विमानांना दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला. पुणे–दुबई थेट अरबी समुद्रावरून जातं, त्याला फरक पडत नाही. पण पुण्याहून दिल्ली आणि तिथून युरोप असा बेत असेल तर नुसत्या अंतरावरून वेळेचा अंदाज बांधू नका.

किलोमीटरवरून तास

जेट विमानासाठी दर शंभर किलोमीटरला साडेसात मिनिटं धरा आणि त्यात ३५ मिनिटं मिळवा. दुसऱ्या टोकाला दिल्ली, मुंबई किंवा बंगळुरू असेल तर ३५ ऐवजी ४५. बस, एवढंच सूत्र.

साडेसात मिनिटं म्हणजे ताशी ८०० किलोमीटर. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ वर गेल्यावर याहून थोडं वेगात उडतं, पण मार्गातल्या वळणांची भरपाई म्हणून वेग मुद्दाम कमी धरला आहे. ती जादा ३५ मिनिटं कसली? विमान गेटवरून मागे ढकलणं, धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, रांगेत थांबणं, चढतानाचा आणि उतरतानाचा कमी वेग, उतरल्यावर पुन्हा गेटपर्यंत रांगणं. तिकिटावरची वेळ ही चाकं जमिनीवरून सुटल्यापासूनची नसते. एका गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटवर थांबेपर्यंतची असते. तिला ब्लॉक टाइम म्हणतात, आणि पुढे नुकसानभरपाईच्या हिशेबातही तोच धरला जातो.

या सूत्रानं पुण्याहून काही ठिकाणं काढून ठेवली आहेत:

हैदराबाद – ५०० किमी – सुमारे १ तास १३ मिनिटं
नागपूर – ६०५ किमी – सुमारे १ तास २० मिनिटं
बंगळुरू – ७२० किमी – सुमारे १ तास ४० मिनिटं
दिल्ली – १,१५७ किमी – सुमारे २ तास १२ मिनिटं
कोलकाता – १,५८० किमी – सुमारे २ तास ३३ मिनिटं
दुबई – २,०५० किमी – सुमारे ३ तास ९ मिनिटं
सिंगापूर – ३,८०० किमी – सुमारे ५ तास २० मिनिटं

वेळापत्रकात यापेक्षा दहा-पंधरा मिनिटं जास्त दिसली तर नवल नाही. कंपन्या थोडी गादी घालूनच वेळ छापतात. पंधरा मिनिटांच्या आतला उशीर ‘वेळेवर’ म्हणून मोजला जातो, तरी गादी घातलेली बरी, असा त्यांचा हिशेब. ‘आपण नियोजित वेळेच्या वीस मिनिटं आधी पोचलो’ ही घोषणा ऐकून टाळ्या वाजवायचं कारण नाही; ती वीस मिनिटं आधीपासूनच हिशेबात होती.

विमान एटीआर असेल, म्हणजे छोट्या शहरांच्या फेऱ्यांना लावतात ते पंख्याचं विमान, तर शंभर किलोमीटरला बारा मिनिटं धरा. त्याचा वेग ताशी पाचशेच्या आसपास. ऐकायला फरक मोठा वाटतो, पण तीनशे किलोमीटरच्या प्रवासात तो जेमतेम चौदा मिनिटांचा आहे. एटीआरचं तिकीट स्वस्त मिळत असेल तर वेगाकडे बघून सोडू नका.

मुंबईचं काय? सरळ अंतर फक्त १२४ किलोमीटर. सूत्र सांगतं ५४ मिनिटं, आणि त्यातली जेमतेम नऊ खऱ्या अर्थानं अंतर कापण्याची. मुंबई–पुणे विमानफेऱ्या मधूनमधून सुरू होतात आणि बंद पडतात, त्याचं कारण या एका ओळीत आहे. पुढच्या विमानाला जोडून तिकीट असेल तर गोष्ट वेगळी. एरवी शिवनेरी बरी.

वाऱ्याचं गणित

जाताना आणि येताना वेळ सारखा का नाही? पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेला फिरते, म्हणून पश्चिमेला जाणाऱ्या विमानाला गाव आपणहून जवळ येत असेल, असा एक तर्क चहाच्या टपरीवर ऐकायला मिळतो. तसं असतं तर नुसतं वर तरंगत राहून दुबई गाठता आली असती. हवा पृथ्वीबरोबरच फिरते. फरक पडतो तो वाऱ्यामुळे.

हिवाळ्यात उत्तर भारतावरून दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला जोरदार वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. दक्षिणेकडे येता येता त्याचा जोर कमी होतो, तरी पुणे–कोलकाता मार्गावर तो जाणवतो. समजा वाऱ्याचा वेग ताशी ८० किलोमीटर आहे आणि विमानाचा हवेतला वेग ८३०. कोलकात्याला जाताना जमिनीवरचा वेग ९१० होतो, १,५८० किलोमीटरला १०४ मिनिटं. परतताना ७५० उरतो, १२६ मिनिटं. बावीस मिनिटांचा फरक. दुबईला जाताना सव्वातीन-साडेतीन तास आणि येताना तीनच्या आत-बाहेर, असं वेळापत्रकात दिसतं तेही याच वाऱ्यामुळे. पावसाळ्यात चित्र पालटतं, दक्षिण भारतावर खूप उंचावरून पूर्वेकडचा वारा वाहू लागतो. त्या दिवसांत वाऱ्यापेक्षा ढगांना वळसे घालण्यातच जास्त वेळ जातो.

पुणे–दिल्ली जवळजवळ दक्षिण-उत्तर आहे, तिथे जाता-येता फार फरक नसतो. तिथला खलनायक डिसेंबर-जानेवारीतलं धुकं. सकाळी सहा ते दहाच्या मधलं दिल्लीचं विमान त्या दोन महिन्यांत मी कुणालाच सुचवत नाही. लग्नाला जायचं असेल तर आदल्या दिवशी दुपारी निघावं.

घड्याळ बदलतं तेव्हा

परदेशी तिकिटावर निघायची वेळ इथली असते आणि पोचायची तिथली. वजाबाकी करताना हे सुटलं की भलतीच उत्तरं येतात. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, सिंगापूर अडीच तास पुढे. उदाहरणासाठी, पुण्याहून रात्री आठला निघून दुबईत नऊ पन्नासला पोचायचं असेल तर नुसत्या वजाबाकीनं एक तास पन्नास मिनिटं दिसतात. त्यात दीड तास मिळवा: तीन तास वीस. परतताना रात्री अकराला निघून पहाटे साडेतीनला पुण्यात. दिसतात साडेचार तास, त्यातून दीड वजा केला की तीन. ठिकाण मागे असेल तर जाताना मिळवा आणि येताना वजा करा, पुढे असेल तर उलट.

लंडनचा फरक हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. तिकडे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे आणतात. अमेरिकेतल्या तारखा वेगळ्या: मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला. तारखेकडेही नीट बघा. ‘१५ तारखेला रात्री १२.४०’ म्हणजे चौदाची रात्र संपल्यावर. पंधराला रात्री जेवून विमानतळावर गेलात तर विमान जाऊन जवळजवळ एक दिवस झालेला असतो. न्यायला येणाऱ्यालाही वार सांगा, नुसती तारीख नको: ‘बुधवारची रात्र उलटल्यावर, गुरुवारी पहाटे’.

घर ते घर

आता खरा हिशेब. इथे उलटं मोजत यायचं, विमान सुटण्याच्या वेळेपासून मागे.

देशांतर्गत विमानाचा चेक-इन काउंटर साधारण एक तास आधी बंद होतो आणि गेट वीस-पंचवीस मिनिटं आधी. नेमकी वेळ कंपनीगणिक वेगळी असते, ती बोर्डिंग पासवर छापलेली असते. सामान टाकायचं असेल तर टर्मिनलच्या दारात दोन तास आधी, नुसती हातातली बॅग आणि वेब चेक-इन झालेलं असेल तर सव्वा-दीड तास. डिजियात्रा, म्हणजे चेहरा ओळखून आत सोडणारी सोय, २०२३ पासून पुण्यात आहे. दारावरची रांग त्यानं कमी होते, सुरक्षा तपासणीची होत नाही. परदेशी जायचं तर तीन तास.

पुण्यात सगळ्यात बेभरवशाचा टप्पा म्हणजे घर ते लोहगाव. कोथरूडहून पहाटे पाचला निघालात तर पाऊण तासात पोचाल. तोच रस्ता संध्याकाळी साडेसहाला दीड तास घेतो, बंडगार्डनच्या पुलापासून गुंजन चौकापर्यंतच निम्मा जीव जातो. हिंजवडीहून शुक्रवारी संध्याकाळी निघणाऱ्यांनी दोन तास धरावेत आणि वर पाऊस असेल तर अडीच. वनाज–रामवाडी मेट्रो मार्च २०२४ मध्ये रामवाडीपर्यंत आली, तेव्हापासून कोथरूड, डेक्कनच्या माणसाला एक खात्रीचा मार्ग मिळाला: मेट्रोनं रामवाडी आणि तिथून रिक्षा. बॅगा दोनच असतील तर संध्याकाळी हाच पर्याय गाडीपेक्षा भरवशाचा. मोठं कुटुंब आणि सहा डाग असतील तर गाडीच घ्या, पण अर्धा तास जास्तीचा ठेवा. गणपतीच्या दहा दिवसांत, विशेषतः विसर्जनाला, मध्य पुण्यातून जायचा विचारच करू नका. बाहेरून वळसा घ्या.

परत येताना अ‍ॅपवरून बोलावलेली गाडी टर्मिनलच्या दारात येत नाही, एरोमॉल या विमानतळाच्या पार्किंग इमारतीतून धरावी लागते. २०२४ मध्ये नवं टर्मिनल सुरू झाल्यापासून बॅगा ढकलत तिथवर जायला आणि गाडी मिळायला वीस-पंचवीस मिनिटं धरा. सोबत आजी-आजोबा असतील तर घरच्या कुणाला तरी घ्यायला बोलवा.

कोथरूड ते दिल्लीतलं करोल बाग हा हिशेब जोडून पाहू. संध्याकाळचं विमान, एक मोठी बॅग. घर ते लोहगाव दीड तास. विमानतळावर दोन तास. विमान दोन तास दहा मिनिटं. उतरून पट्ट्यावरची बॅग हातात येईपर्यंत चाळीस मिनिटं. पुढे एअरपोर्ट मेट्रोनं टर्मिनल तीन ते नवी दिल्ली स्टेशन सुमारे वीस मिनिटं, तिथपर्यंतचं चालणं आणि स्टेशनवरून घर धरून पाऊण तास. एकूण सात तास पाच मिनिटं. त्यातली हवेतली दोन तासांहूनही कमी.

हाच हिशेब बंगळुरूला लावला की गंमत कळते. विमान एक तास चाळीस मिनिटं, पण तिथला विमानतळ देवनहळ्ळीला, शहराच्या मध्यापासून पस्तीसेक किलोमीटर उत्तरेला. इलेक्ट्रॉनिक सिटी शहराच्या पार दक्षिण टोकाला. ऑफिसच्या मीटिंगला सकाळचं विमान धरून अकराला इलेक्ट्रॉनिक सिटीत हजर राहायचं असेल तर पुण्यातून सहाच्या आसपास विमान सुटायला हवं. आठचं पकडून पोचू, असं साहेबांना सांगू नका.

थांबा असेल तर

‘डायरेक्ट’ आणि ‘नॉन-स्टॉप’ एकच नव्हे. नॉन-स्टॉप कुठेही थांबत नाही. डायरेक्ट फ्लाइटचा नंबर एकच राहतो, पण ती मध्ये एखाद्या गावी उतरू शकते. तेव्हा एकूण वेळ बघा. अंतराच्या सूत्रापेक्षा तास-दीड तास जास्त दिसला की मध्ये थांबा आहे हे ओळखा.

विमान बदलायचं असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर घ्यावेत. पहिलं विमान उशिरा पोचून दुसरं चुकलं तर पुढची सोय मग कंपनीनं करायची असते. वेगवेगळी तिकिटं काढून हजार-दोन हजार वाचवले आणि पुण्याचं विमान दीड तास लेट झालं, तर दुसरं तिकीट पाण्यात. वेगळी तिकिटं काढायचीच असतील तर मध्ये देशांतर्गत चार तास आणि परदेशी विमानाआधी सहा तास ठेवा. दिल्ली आणि मुंबईत टर्मिनल बदलावं लागतं का तेही पाहा. मुंबईत सांताक्रूझचं टर्मिनल एक आणि सहारचं टर्मिनल दोन यांच्यामधला प्रवास बाहेरच्या रस्त्यानं होतो, आणि अंधेरीचा ट्रॅफिक पीएनआर बघत नाही.

ब्लॉक टाइम खिशाशी कसा जोडलेला आहे

डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, नियमांत उशीर झाल्यास काय मिळणार हे ब्लॉक टाइमवर ठरतं. अडीच तासांपर्यंतच्या विमानाला दोन तास उशीर झाला तर कंपनीनं खाण्यापिण्याची सोय करायची. अडीच ते पाच तासांच्या विमानाला हीच मर्यादा तीन तासांची आणि त्याहून लांबच्याला चार तासांची. म्हणजे दिल्लीच्या विमानाला दोन तास उशीर झाला की काउंटरवर जाऊन मागा, दुबईच्या प्रवाशाला तीन तास वाट पाहावी लागेल.

आगाऊ न कळवता विमान रद्द झालं आणि चूक कंपनीची असेल तर भरपाई अशी: ब्लॉक टाइम एक तासापर्यंत असेल तर ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५००, दोन तासांहून जास्त असेल तर १०,०००, किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांपैकी जे कमी असेल ते. बंगळुरू मधल्या गटात बसतं, दिल्ली जेमतेम दहा मिनिटांनी वरच्या. धुकं, वादळ, धावपट्टी बंद असली कारणं यात धरत नाहीत. ऑक्टोबर २०२१ मध्ये धावपट्टीच्या कामासाठी पुण्याचा विमानतळ १६ ते २९ तारखेपर्यंत पूर्ण बंद होता. असं काही आधीच जाहीर झालेलं असेल तर भरपाईचा प्रश्न येत नाही, पैसे परत किंवा दुसरी तारीख एवढंच.

प्रवासाच्या दिवशी

निघायच्या तीन तास आधी फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर आपला फ्लाइट नंबर टाका. दोन गोष्टी बघायच्या. पहिली, मागच्या आठवडाभरात हे विमान प्रत्यक्षात किती वाजता सुटलं आणि किती मिनिटं हवेत होतं. वेळापत्रकातली गादी किती आहे ते तिथे उघडं पडतं, आणि घ्यायला येणाऱ्याला नेमकी वेळ सांगता येते. दुसरी, तुम्हाला घेऊन जाणारं विमान आत्ता कुठे आहे. पुण्याहून सुटणारं बहुतेक विमान आधी कुठून तरी पुण्यात येतं, उतरल्यावर त्याला रिकामं करून, साफ करून, पुन्हा भरून निघायला किमान अर्धा-पाऊण तास लागतो. तुमचं विमान सातला सुटायचं आणि ते सव्वासहाला अजून हैदराबादच्या धावपट्टीवरच उभं असेल, तर कंपनीचा मेसेज येवो न येवो, सातला तुम्ही निघत नाही. मात्र यावर विसंबून घरून उशिरा निघू नका. कंपनी कधी कधी ऐनवेळी दुसरं विमान लावते, आणि काउंटर छापलेल्या वेळेलाच बंद होतो.